डेपो वाढू द्या, जुना ढीग तरी हलेल

मळेकरी
आमच्या भागातल्या तीन-चार गावांचा आणि जवळच्या नगरपालिकेचा कचरा एकाच डेपोवर पडतो. त्याला लागून असलेलं गायरान डेपोला द्यायचं का, यावर परवा ग्रामसभेत दोन तास भांडण झालं. मी ‘द्या’ म्हणालो. तेव्हापासून भावकीतले दोघं बोलत नाहीत, म्हणून इथं सविस्तर मांडतो.

माझी विहीर डेपोच्या उताराला आहे. पहिला पाऊस झाला की पाण्याला वास मारतो, म्हशी तोंड लावत नाहीत. हे काम जुन्या ढिगाचं आहे. मुरूम काढून झालेल्या खड्ड्यात कचरा ओतत गेले, तळाला काहीच घातलं नाही. खाली आपला काळा पाषाण, त्याला भेगा. एक एकर उघड्या ढिगावर वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर 40 लाख लिटर पाणी होतं. त्यातलं थोडं जरी कचऱ्यातून झिरपलं, तरी ते त्याच भेगांनी आमच्या झऱ्यांना येऊन मिळतं.

नवी जागा घनकचरा नियमांप्रमाणे बांधावी लागेल. 2016 च्या नियमांत तळ असा सांगितला होता: तळाला 90 सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटरचा प्लास्टिक थर. शेततळ्याला आपण 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरतो, हा त्याच्या तिप्पट जाड. वर खडी आणि नळ्या, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं काळं पाणी टाकीत येईल आणि तिथून प्रक्रियेला जाईल. मग जुना ढीग उकरून, चाळून, उरलेला माल त्या तळावर नेता येतो. जागाच दिली नाही, तर तो ढीग माझ्या विहिरीच्या डोक्यावर आहे तिथंच राहणार.

गायरानवाली
दादा, तुमच्या विहिरीचं दुःख खरं आहे. पण गायरान काय मोकळं पडलंय? ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यांच्या शेळ्या तिथंच चरतात. ग्रामसभेत त्यातली एक तरी बाई बोलली का? शहराच्या घंटागाड्यांनी भरून आणायचं आणि आम्ही पोटाला चिमटा काढून जागा द्यायची, हे मला पटत नाही. पहिला डेपो झाला तेव्हाही ‘शास्त्रशुद्ध’ हाच शब्द ऐकला होता. माझे सासरे त्या बैठकीला होते.

शेततळं_दोन_एकर
कागदाचं म्हणाल तर माझ्या शेततळ्याचा कागद चौथ्या वर्षी गेला. काठावर उन्हानं तडकला आणि तळाला एका टोकदार दगडानं भोक पाडलं. पाणी आटलं म्हणून मला कळलं तरी. कचऱ्याखालचा कागद फाटला तर कोण बघणार?

मळेकरी
प्रश्न बरोबर आहे. तिथला थर कचऱ्याखाली दडलेला असतो, त्यामुळे ऊन लागत नाही. खरा धोका सांध्यांना आणि खालच्या खड्यांना. म्हणून प्रत्येक सांधा गावासमोर तपासून घ्यायचा आणि तोवर एक गाडीही आत सोडायची नाही. ही अट मी ग्रामसभेतही घातली होती, गोंधळात कुणी ऐकली नाही.

खालच्या_अंगाचा
मी इचलकरंजीचा. तुमच्या ओढ्याचं पाणी शेवटी पंचगंगेला मिळतं, तिथून आमच्याकडे आणि पुढं नृसिंहवाडीला कृष्णेत. 2012 साली आमच्याकडे दूषित पाण्यानं काविळीची साथ आली, माणसं गेली. ती कचरा डेपोमुळे आली असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून वरून काय सोडलं जातं याची आम्हाला धास्ती आहे. आणि 2019 चा महापूर आठवा. पाणी कुठवर चढलं होतं? त्या रेषेच्या आत ही जागा येत असेल तर तळ कितीही पक्का करा, माझा विरोध राहील.

खत_करणारी
मुळात इतकी जागा लागतेच का? त्याच 2016 च्या नियमांत होतं की भरावात, म्हणजे कचरा पुरायच्या जागेत, फक्त न कुजणारा आणि पुन्हा वापरात न येणारा कचरा टाकायचा. भाजीची देठं, शिळी भाकरी, उसाचं चिपाड तिथं जायलाच नको. झिरपणारं पाणी इतकं काळं आणि घाण होतं ते बहुतेक या ओल्या मालामुळेच. आमच्या गल्लीत 22 घरं ओला कचरा वेगळा ठेवतात, खड्ड्यात खत होतं, परसातल्या वांग्यांना जातं. नगरपालिकेनं आधी हे करून दाखवावं, मग जागा मागावी.

मळेकरी
ताई, हे मान्य. मागणी सहा एकरांची आहे, ती निम्म्यावर आणायला मी तयार आहे. पण वीस वर्षांचा साठलेला ढीग खतानं हलणार नाही. यंदाच्या पावसाआधी त्यावर निदान मातीचा जाड थर तरी पडायला हवा. 2016 च्या नियमात 40 ते 65 सेंटिमीटर सांगितला होता, आमच्या ढिगावर वीतभरही नाही.

गायरानवाली
मग एक विचारते. 2016 च्या नियमांत डेपोच्या हद्दीपासून 50 मीटरच्या आतलं भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासायला सांगितलं होतं. ते अहवाल कुणी बघितलेत? नव्या जागेआधी तिथल्या पाण्याची नोंदही करून ठेवायला सांगितली होती. ती झालीय का?

मळेकरी
मी दोनदा तोंडी विचारलं, हातात काही मिळालं नाही. सोमवारी लेखी अर्ज देतोय. माझी विहीर, तुमच्या वाडीचा बोअर आणि ओढा, तिन्हींचं पाणी तपासा म्हणून.

गायरानवाली
अर्जावर माझी सही घ्या, वाडीतल्या बायकांच्याही आणते. गायरान द्यायला मात्र माझा विरोध आहे तो आहेच.