शब्दचर्चा: करार मोडला, बारगळला की समोरच्यानं हात वर केले?

उद्यमनगरी
मंडळी, जरा मदत पाहिजे. आमचं कास्टिंगचं (धातूच्या ओतकामाचं) बारकं युनिट आहे, जॉबवर्कवाल्यांबरोबरचा करार एकदा नीट मराठीत करून दे म्हणून मालक मागं लागलेत, कारण लोक इंग्रजी कागद न वाचताच सह्या ठोकतात आणि नंतर 'असं कुठं ठरलंतं' म्हणून वाद घालत बसतात. मसुदा मशीनला घातला तर 'डॉक्ट्रिन ऑफ फ्रस्ट्रेशन'चं (कुणाचा दोष नसताना काम अशक्य होऊन करार संपतो ते) 'नैराश्याचा सिद्धांत' करून दिलं! कराराला कसलं नैराश्य आलंय आता? सरकारी मराठी बघितली तर तिथं संविदा, संविदाभंग. आमच्या मोल्डरला 'संविदा' म्हटलं तर तो विचारेल कुणाची पोरगी म्हणून. ब्रीच (करार मोडणं), परफॉर्मन्स (ठरलेलं काम पुरं करणं), फोर्स मेजर (कुणाच्या हातात नसलेली आपत्ती) ह्यांना आपल्या बोलण्यातलं काय आहे सांगा की.

बावड्याचे वकील
'पूर्तता' आणि 'करारभंग' बिनधास्त लिहा, सगळ्यांना कळतात. खरी गोची 'मोडणे'मध्ये आहे. मराठीत 'त्यानं करार मोडला' असंही म्हणतो आणि नुसतं 'करार मोडला' असंही. लग्न मोडलं म्हटलं की कुणी मोडलं हे सांगायचं राहूनच जातं ना, तसंच. कोर्टात मात्र सगळा पैशाचा खेळ तेवढ्यावरच असतो. एकानं मोडला असेल तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३, म्हणजे नुकसानभरपाई. कुणाचाच दोष नसताना काम करणंच अशक्य झालं तर कलम ५६, करार शून्य म्हणजे रद्द, भरपाई कुणी कुणाला द्यायची नाही, फक्त आधी घेतलेले पैसे कलम ६५ खाली परत करायचे. म्हणून पहिल्याला 'मोडला' ठेवा आणि दुसऱ्याला 'बारगळला'. फ्रस्ट्रेशनला ह्याच्यापेक्षा बरा शब्द मला अजून सापडलेला नाही. पुस्तकात 'विफलता' म्हणतात, तेही चालतंय पण त्याला पुस्तकाचाच वास येतो.

ट्रकवाला शिरोली
बारगळला पटलं भावा. पण फोर्स मेजरला आपलं 'अस्मानी-सुलतानी' हाय की! वरनं आलं ते अस्मानी, सरकारकडनं आलं ते सुलतानी, ह्यात सगळंच आलं. २०१९ च्या पुरात हायवेवर पाणी, आमच्या गाड्या शिरोलीच्या अलीकडं नुसत्या हुब्या, आन् पार्टी फोनवर म्हणत्या माल टायमात पोचला न्हाई, भाडं कापणार. कापलं पण. आता ही अस्मानी न्हाई तर काय ओ वकीलसाहेब?

बावड्याचे वकील
शब्द झकासच आहे, पण तो कायद्यापेक्षा मोठा आहे, म्हणून जपून. रस्ता चार-आठ दिवस बंद झाला म्हणजे करार बारगळला असं सहसा होत नाही, काम लांबलं एवढंच. अशक्य आणि अवघड ह्यात कोर्ट लई फरक करतं. तुमच्या भाड्याच्या कागदावर 'पूर, रस्ता बंद, संचारबंदी असेल तर मुदत तेवढी वाढेल' असं एक वाक्य असतं तर तुमची बाजू भक्कम झाली असती. असं वाक्य असलं की प्रकरण कलम ५६ मध्ये जातच नाही, कलम ३२ खाली त्या वाक्याप्रमाणं चालतं, हे सुप्रीम कोर्टानं २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात सांगितलंय. तो वाद इंडोनेशियाचा कोळसा महागल्याचा होता आणि वीज कंपन्यांना कलम ५६ चा आधार मिळाला नव्हता.
आणि सुलतानी आली म्हणून करार संपतोच असंही नाही. १९५४ चा सत्यब्रत घोष खटला बघा, कलकत्त्याजवळची प्लॉटची जमीन युद्धात सरकारनं ताब्यात घेतली, कंपनी म्हणाली करार संपला, कोर्ट म्हणालं नाही संपला, मुदत काही ठरलेली नव्हती आणि ताबा तात्पुरता होता.

हुपरीची लेक
म्हणजे भाववाढ अस्मानी नाही तर. आमच्याकडं हे नेहमीचं. पैंजणाची ऑर्डर घेताना मजुरीसकट चांदीचा भाव बांधून घेतात आणि पंधरा दिवसांत चांदी उसळली की कारागीर म्हणतो 'परवडत नाही ताई, करार गेला'. आम्ही ह्याला 'भाव फुटला' म्हणतो.

बावड्याचे वकील
अगदी बरोबर, भाव फुटला तरी करार फुटत नाही. १९६० चा अलोपी प्रसाद खटला आहे, दुसऱ्या महायुद्धात सैन्याला तूप पुरवायचं काम होतं, परिस्थिती पार बदलली म्हणून एजंटांनी वाढीव दर मागितला, सुप्रीम कोर्टानं दिला नाही. चढउताराची भीती असेल तर 'डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव' असं आधीच लिहायचं.

मास्तरीणबाई, राजारामपुरी
माझी भर, 'हात वर करणे'. मुदत यायच्या आधीच कुणी 'मला जमणार नाही' म्हणून मोकळा झाला तर त्याला हाच शब्द. 'टंगळमंगळ' वेगळी, त्यात तो नाही म्हणत नाही, नुसता तंगवत ठेवतो.

बावड्याचे वकील
बाई, हे कलम ३९ झालं! हात वर केले की दुसऱ्याला तारखेची वाट बघत बसायची गरज नाही, त्याच दिवशी करार संपवून भरपाई मागता येते. इंग्लंडात १८५३ चा हॉचस्टर खटला ह्यावरच आहे, १ जूनपासून प्रवासात सोबतीला नोकर ठरवला आणि मे महिन्यातच नको म्हणून कळवलं, त्यानं जून उजाडायच्या आधीच दावा ठोकला आणि जिंकला. टंगळमंगळीत मात्र आधी नोटीस, मुदत, हे सगळं रामायण.

उद्यमनगरी
एक आमचंच दुखणं विचारतो. गिऱ्हाईक पॅटर्नच (साचा करायचा नमुना) वेळेवर देत नाही, दिला तर त्यात डायमेन्शन चुकीची, आणि वर कास्टिंग लेट झालं म्हणून बिलातनं पैसे कापतंय. ह्याला काय म्हणायचं? म्हणजे शिवी सोडून.

बावड्याचे वकील
'खोळंबा'. कलम ६७. काम करायला ज्या सोयी गिऱ्हाइकानं द्यायच्या त्या त्यानंच दिल्या नाहीत तर तेवढ्यापुरता तुमचा उशीर माफ. मसुद्यात लिहा: 'पॅटर्न मिळेपर्यंत झालेल्या खोळंब्याला आम्ही जबाबदार नाही.' आणि पॅटर्न कधी आला त्याची तारीख चलनावर सही-शिक्क्यासकट घ्या, नाहीतर कलम घेऊन काय करणार.

ट्रकवाला शिरोली
आन् चारशेवीस? ऊसतोडीची टोळी उचल घिऊन गायब हुती तवा सगळी त्येच म्हणत्यात.

बावड्याचे वकील
आता ते ४२० राहिलं नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. आणि प्रत्येक करारभंग म्हणजे फसवणूक नव्हे. उचल घेतानाच यायचं नाही हे मनात होतं का, ते दाखवावं लागतं. आला, महिनाभर तोड केली आणि मग निघून गेला तर तो बहुतेक वेळा दिवाणी मामला.

मास्तरीणबाई, राजारामपुरी
उचल आणि इसार ह्यातही फरक आहे ना? घराच्या व्यवहारात 'इसार बुडाला' म्हणतात, 'उचल बुडाली' कुणी म्हणत नाही.

बावड्याचे वकील
आहे, आणि लाखमोलाचा आहे. इसार म्हणजे व्यवहार पुरा करीन ह्याची हमी, बाकी सगळा ॲडव्हान्स. १९६३ च्या फतेहचंद खटल्यात बंगल्याची किंमत होती १,१२,५०० रुपये, घेणाऱ्यानं १,००० इसार दिला आणि ताबा घेताना २४,००० आणखी. व्यवहार फिस्कटला. विकणाऱ्याला हजार ठेवून घेता आले, चोवीस हजार नाही, कारण तेवढं नुकसान त्यानं दाखवलंच नाही. म्हणून पावतीवर सरसकट 'इसार' लिहून काम होत नाही, पैसे खरंच कशाचे आहेत ते कोर्ट बघतं.

उद्यमनगरी
हे घ्या मग, कच्चं: 'माल ठरल्याप्रमाणे लवकरात लवकर पोच करावा. पूर, रस्ता बंद किंवा सरकारी आदेश असल्यास मुदत तेवढी वाढेल. कच्चा माल महागला म्हणून काम थांबवता येणार नाही. काम करणेच अशक्य झाल्यास करार बारगळला असे समजून घेतलेली रक्कम परत करावी.' जमतंय का?

बावड्याचे वकील
जमतंय, फक्त 'लवकरात लवकर' काढा आणि तिथं तारीख घाला. तारीख नसली की 'वाजवी वेळ' किती ह्यावर वर्ष जातं. नुसती तारीखही नको, 'ही मुदत पाळणे अत्यावश्यक आहे' असं लिहा, मग उशीर झाला तर कलम ५५ खाली करार सोडून देता येतो. आणि गोडाऊनवाल्याला एक सांगून ठेवा, उशिरा आलेला माल गपगुमान उतरवून घ्यायचा नाही. घेतानाच 'उशिराची भरपाई मागणार आहोत' असं चलनावर लिहायचं, तेव्हा लिहिलं नाही तर नंतर मागता येत नाही.

ट्रकवाला शिरोली
वकीलसाहेब, तुमी गिऱ्हाइकाच्या बाजूनं हायसा की आमच्या?