जामीन राहिलो, फसलो. आता प्रीती कशी करू?

प्रश्न (निपाणीजवळून): चुलतभावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन राहिलो. त्यानं हप्ते थकवले, ट्रॅक्टर गुपचूप विकला. वसुली माझ्या उसाच्या बिलातून. दर रविवारी चर्चमध्ये तो माझ्या पुढच्याच बाकावर असतो. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारस घेताना, माझा हात पुढे होत नाही. बायबलमधलं मत्तय 5:44, ‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’, तोंडपाठ आहे, जमत नाही. काय करू?

उत्तर (खानापूर): भाऊ, मन वळायची वाट बघू नका. निर्गम 23:4 बघा. वैऱ्याचा बैल चुकलेला दिसला तर त्याच्याकडे नेऊन सोडायचा. तिथं मनाचं काही विचारलेलं नाही, काम सांगितलंय. मी जावेशी नऊ वर्षं बोलत नव्हते. तिला डेंग्यू झाला तेव्हा पेज घेऊन दवाखान्यात गेले, राग पोटात ठेवूनच. माया नंतर आली, तीही सावकाश.

उत्तर (बेळगाव): पण कागदपत्रं सोडू नका. योसेफाला भावांनी विकलं होतं; त्यानं त्यांना क्षमा केली, त्याआधी पारखलंही. उत्पत्ती 42 ते 45 सलग वाचा. पुन्हा जामीन राहा असं प्रभू सांगत नाही.

प्रश्नकर्ता: ताई, परवा रात्री दोनला लाईट आली. त्याची मोटार जळालेली, ऊस वाळत होता. माझ्या बोअरचं पाणी त्याच्या सरीत सोडलं. तोंडातून शब्द निघाला नाही. आज प्रार्थनेत त्याचं नाव मात्र घेतलं.