मदत हवी आहे : स्वतंत्र कलाकारांची नवी ध्वनिमुद्रणे आंतरजालावर कशी शोधावीत?

नमस्कार.

चित्रपटसृष्टी आणि मोठ्या संगीत कंपन्या यांच्या बाहेर राहून, पदरमोड करून गाणी रचणारे, ती ध्वनिमुद्रित करणारे आणि स्वतःच आंतरजालावर ठेवणारे जे कलाकार आहेत, त्यांचे काम मला नियमितपणे ऐकायचे आहे आणि परवडेल तेवढे विकतही घ्यायचे आहे. मी सांगलीत राहते. मुंबई, पुणे, बंगळूरु अशा शहरांत या मंडळींचे कार्यक्रम होतात आणि तिथे एकाच्या तोंडून दुसऱ्याचे नाव कळते. इकडे ती सोय नसल्यामुळे शोधाचा सगळा भार आंतरजालावरच पडतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. मला आतापर्यंत काय साधले आणि कुठे अडले ते थोडे सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना नेमके सांगता येईल.

मुख्य अडचण आपोआप येणाऱ्या शिफारशींची आहे. गाणी ऐकवणारी बहुतेक ॲप्स आपल्यासारखे ऐकणाऱ्या इतर लोकांनी काय ऐकले यावरून पुढचे गाणे सुचवतात, त्यामुळे जे गाणे अजून फारसे कोणी ऐकलेलेच नाही, ते त्या हिशेबात येत नाही. मराठी स्वतंत्र गाण्यापासून सुरुवात केली तरी थोड्याच वेळात गाडी गाजलेल्या चित्रपटगीतांवर येऊन थांबते. यात कलाकाराचे आर्थिक नुकसानही आहे. स्पॉटिफायने 2024 पासून असा नियम केला आहे की, मागील 12 महिन्यांत किमान 1000 वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. नवख्या कलाकाराला सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच त्याच्या हाती काही पडत नाही, हे मला मनापासून खटकते, आणि म्हणूनच नुसते ऐकून न थांबता थेट खरेदी करता येईल असे मार्ग मी शोधत आहे.

आतापर्यंतचा माझा सर्वांत समाधानकारक शोध ‘द वारली रिव्होल्ट’ या गाण्यापासून सुरू झाला. आरेच्या जंगलाचा प्रश्न पेटलेला असताना, 2019 साली, मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने ते केले आणि त्यात आरेतील केल्टीपाड्यात राहणारे वारली कलाकार प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. गाणे आवडले म्हणून त्यातील सहभागी कलाकारांची नावे वाचली आणि त्या नावांचा माग काढत गेले. गटातील एमसी मवाली मराठीतही रॅप करतो, हे त्यातून कळले. गटाचा ‘चेतावनी’ हा अल्बम 2020 मध्ये दिल्लीच्या आझादी रेकॉर्ड्स या लेबलने प्रसिद्ध केला. त्या लेबलचे इतर काम चाळताना दिल्लीचा प्रभ दीप आणि श्रीनगरचा अहमर हे दोघे सापडले, आणि अहमरच्या काश्मिरी ओळींचा अर्थ लावण्यात पुढचे कितीतरी दिवस आनंदात गेले. कोणत्याही ॲपने मला हा रस्ता दाखवला नसता. ध्वनिमुद्रण कोणी केले, संगीतरचना कोणाची, प्रसिद्ध कोणी केले, या तपशिलांवरून पुढे जाणे हाच मला खात्रीचा मार्ग वाटतो. पण मराठी आणि कोंकणीसाठी त्याची सुरुवात कुठून करावी? केवळ स्वतंत्र कलाकारांचे काम काढणारी छोटी लेबले, किंवा ज्यांच्याकडे अशी मंडळी ध्वनिमुद्रणासाठी जातात असे स्टुडिओ आपल्याला माहीत असतील, तर त्यांची नावे कृपया द्यावीत. एका नावावरून पुढची दहा नावे शोधण्याची माझी तयारी आहे.

दुसरा मार्ग बँडकॅम्पचा. हे अमेरिकेतील संकेतस्थळ 2008 पासून चालू आहे. तिथे किंमत कलाकार ठरवतो, घेण्यापूर्वी गाणे पूर्ण ऐकता येते, घेतल्यावर मूळ दर्जाची फाइल उतरवून कायमची जवळ ठेवता येते, आणि डिजिटल विक्रीतील साधारण 15 टक्के हिस्सा संकेतस्थळ घेते. त्यातली एक सोय मला फार मोलाची वाटते. अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या श्रोत्यांच्या चिमुकल्या चित्रांची एक रांग असते. त्यांतील काहींनी दोन-चार ओळींचा अभिप्राय लिहून आपले सर्वांत आवडते गाणे कोणते तेही नोंदवलेले असते. त्या चित्रावर टिचकी मारली की त्या श्रोत्याचा सगळा संग्रह समोर उघडतो. ज्याने स्वतःचे पैसे देऊन ते संगीत घेतले आहे, त्याचाच हा संग्रह असल्यामुळे त्याच्या निवडीवर विश्वास ठेवावासा वाटतो. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडच्या पानावरून मी अशाच एका अनोळखी श्रोत्याच्या संग्रहात शिरले आणि कधी नावही न ऐकलेल्या देशांतील ध्वनिमुद्रणे ऐकत बसले.

मात्र हे संकेतस्थळ 2022 मध्ये एपिक गेम्सने आणि 2023 मध्ये साँगट्रेडरने विकत घेतले, आणि त्यानंतर तेथील जवळपास निम्मे कर्मचारी कमी करण्यात आले. त्यामुळे सगळा शोध एकाच ठिकाणावर अवलंबून ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

बँडकॅम्पवर गावाच्या किंवा वाद्याच्या नावाच्या टॅगनेही शोधता येते, पण तिथे माझी गाडी अडली आहे. शेजारच्या मिरजेत घडणाऱ्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा वाद्यांवर आजचे तरुण वादक काय नवे ध्वनिमुद्रित करत आहेत, हे ऐकण्याची मला उत्सुकता आहे. सतारीचा टॅग लावला की मात्र सतारीचे तुकडे जोडून केलेले इलेक्ट्रॉनिक संगीतच प्रामुख्याने समोर येते आणि प्रत्यक्ष वाजवणारी माणसे मागे राहतात. मराठी शीर्षकांची अडचण याहून मोठी आहे. कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन लिपीत, आणि रोमन लिपीतही ‘ओवी’ लिहिताना ‘व’साठी व्ही घ्यायचा की डब्ल्यू, शेवटी आय लिहायचा की डबल ई, हे ज्याचे त्याने ठरवलेले असते. प्रत्येक शब्द तीन-चार प्रकारे टंकून पाहण्यापेक्षा चांगली युक्ती कोणाकडे आहे का?

माणसाने निवडलेली गाणी ऐकायची असतील तर आंतरजालावरील रेडिओ उत्तम आहेत, असा माझा अनुभव आहे. लंडनचा एनटीएस 2011 पासून चालू आहे, आणि त्याचे जुने कार्यक्रम बहुतेक वेळा गाण्यांच्या यादीसह ऐकायला मिळतात. दिल्लीचा बॉक्सआउट.एफएम 2017 मध्ये सुरू झाला. मराठीत असा कोणाचा कार्यक्रम किंवा पॉडकास्ट नियमितपणे चालत असेल तर अवश्य कळवावे.

संगीतप्रकारांचा नकाशा दाखवणारे ‘एव्हरी नॉइज ॲट वन्स’ हे संकेतस्थळही मी पुष्कळ वापरले आहे. ते तयार करणारे ग्लेन मॅकडोनाल्ड यांची स्पॉटिफायमधील नोकरी डिसेंबर 2023 मध्ये गेली आणि नकाशासाठी लागणारी तिथली माहिती त्यांना मिळेनाशी झाली, तेव्हापासून त्यात नवी भर पडलेली नाही. त्याला पर्याय असल्यास सुचवावा.

आता पैशांचा प्रश्न, आणि यावर मला सर्वांत जास्त मदत हवी आहे. बँडकॅम्पवरील विक्रीची रक्कम कलाकाराला प्रामुख्याने पेपालमार्फत मिळत आली आहे, आणि पेपालने 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले आहेत. परिणामी न्यू जर्सीतील मराठी माणसाला पुण्यातील कलाकाराचा अल्बम सहज घेता येतो, पण सांगलीतील माणसाला तोच अल्बम घेणे अवघड जाते. देशातल्या देशात राहून आपण कलाकारांना पैसे कसे देता? थेट संदेश पाठवून यूपीआयने रक्कम द्यावी, तर ते कलाकाराला प्रशस्त वाटते का, आणि त्या बदल्यात तो फाइल पाठवतो का? जे स्वतः गातात किंवा वाजवतात, त्यांनी आपल्या बाजूने याविषयी लिहिले तर फार बरे होईल.

शेवटची शंका कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या गाण्यांविषयी आहे. ‘द व्हेल्व्हेट सनडाउन’ या नावाच्या बँडला 2025 मध्ये स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांहून अधिक श्रोते मिळाले, आणि नंतर ते संगीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने केलेले असल्याचे उघड झाले. मला माणसांनी केलेले संगीत हवे आहे. सध्या मी प्रत्यक्ष कार्यक्रमांची चित्रफीत आहे का, वादकांची नावे दिली आहेत का आणि कलाकाराचे पूर्वीचे काम सापडते का, एवढे पाहून ठरवते. याखेरीज कोणती खूण तपासावी, ते सांगावे.

आवडीचे म्हणाल तर मला शब्दप्रधान मराठी गाणे, लोकगीतांवर आधारलेले नवे प्रयोग, वाद्यसंगीत आणि रॅप हे सर्व चालते. ध्वनिमुद्रण घरच्या खोलीत केलेले असले, पार्श्वभूमीला पंख्याचा आवाज येत असला, तरी माझी हरकत नाही. नावे सुचवताना शक्य असल्यास कलाकाराचे गाव, एखाद्या ध्वनिमुद्रणाचे शीर्षक आणि ते विकत कुठे मिळते, एवढे लिहावे. आपण स्वतः कलाकार असाल तर आपलाच दुवा निःसंकोच द्यावा, मी तो नक्की ऐकेन आणि ऐकून झाल्यावर इथेच अभिप्राय लिहीन.