लिडार आले म्हणून वाऱ्याचे मनोरे उतरवायचे का?

सह्यवारा: "लिडार आले, आता वारा मोजणारे मनोरे भंगारात घाला," असे काल येथे लिहिले गेले, ते वाचून गप्प राहवले नाही. लिडार म्हणजे पवनचक्कीच्या जागेवर जमिनीवरून वर लेसर किरण सोडून वारा मोजणारे यंत्र; त्याला वारा थेट कळत नाही. हवेतील सूक्ष्म कणांवरून परतलेल्या लेसर प्रकाशाच्या वारंवारितेत किती फरक पडला, यावरून तो वेग काढतो. किरण उभ्या रेषेपासून २८ अंश कललेले असतील, तर १०० मीटर उंचीवर समोरासमोरच्या दोन किरणांत १०० मीटरहून अधिक अंतर पडते, आणि तेवढ्या पट्ट्यात वारा सारखाच आहे असे यंत्र धरून चालते. पन्हाळ्याच्या कड्यावर खालून चढणारा वारा डोक्यावरची टोपी उडवतो आणि चार पावले मागे सरकले की झाडाचे पानही हलत नाही, हे मी अनेकदा अनुभवले आहे. वेगात ५ टक्के चूक झाली तर ऊर्जेच्या हिशेबात जवळजवळ १६ टक्के होते, कारण ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे वाढते.

मापनकरी: काल ते लिहिणारा मीच. मनोरा ८० मीटरचा, पवनचक्कीचा मध्य १०० मीटरच्या वर आणि पात्याचे टोक त्याहून उंच. म्हणजे वरचा सगळा वारा अंदाजाने भरायचा. आमच्या एका मनोऱ्यावरील, वाऱ्याने फिरून वेग मोजणाऱ्या कपाचे बेअरिंग घट्ट झाले होते, तेव्हा तीन आठवडे वारा पडला असेच आम्ही समजत राहिलो. सपाट जागेसाठी तर आयईसी ६१४००-१२-१ या पवनचक्कीच्या मोजणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीनेही लिडारला मान्यता दिली आहे.

ऊसकरी: मनोऱ्याच्या ताणाच्या तारा कोणाच्या रानात उतरतात, हे कोणीच लिहीत नाही. माझ्या आडसाली उसात तिन्ही बाजूंना खुंट ठोकले; ट्रॅक्टर वळेना, म्हणून खुंटांभोवतीच्या सऱ्या हाताने भरल्या, आणि ठरलेले भाडे दोन वर्षे मिळाले नाही.

सह्यवारा: आपले नुकसान खरे आहे, पण भाड्याच्या वादावरून मोजणीची पद्धत ठरत नाही.

ऊसकरी: ज्याच्या रानात मोजणी होते त्याला बोलू द्यायचे नाही, ही कुठली पद्धत? लिडार एका कोपऱ्यात बसतो, माझ्यासाठी एवढे पुरे.

मापनकरी: ऊसकरींचा मुद्दा बाजूला सारू नका, दोन मनोऱ्यांची कामे अशाच भांडणात अडकलेली मी पाहिली आहेत. मात्र आंबा घाटात जुलैत ढग जमिनीला टेकले की लिडारचा किरण वर पोहोचत नाही, आणि मोठ्या पावसाने हवा धुऊन निघाली की परतणारा प्रकाशही क्षीण होतो, हे मला कबूल करावे लागेल. कड्यावर एकट्या लिडारवर विसंबू नये. शिरोळच्या सपाटीवर मात्र मी माघार घेणार नाही.

सह्यवारा: शिरोळपुरते मान्य. कड्यावर निदान एक छोटा मनोरा शेजारी उभा करून दोन्हींचे आकडे पडताळावेत, यावर मी ठाम आहे.

ऊसकरी: छोटा म्हणजे किती मीटरचा आणि त्याच्या तारा कुठवर पसरणार, ते येथे लिहा. आमच्या गावी पुढच्या महिन्यात पुन्हा मोजणीवाले येणार आहेत.