मदत हवी आहे: नवा प्रोसेसर, नवं ग्राफिक्स कार्ड, स्क्रीन मात्र काळी

शटरबंद: घरच्या पीसीत काल रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ३०६० बसवलं. बटण दाबलं की पंखे फिरतात, मॉनिटरवर काहीच येत नाही. रॅम काढून परत लावली. शुक्रवारी एका लग्नाचा व्हिडिओ द्यायचाय, एडिटिंग अर्धवट आहे. लवकर सांगा प्लीज.

गवतीचहा: मदरबोर्ड कोणता? पॉवर सप्लाय किती वॅटचा? केबल कार्डाला लावलीय की बोर्डाला? ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, बोर्डाच्या पोर्टातून काही दिसणार नाही.

शटरबंद: केबल कार्डालाच आहे. सप्लाय ४५० वॅट, आजवर काही त्रास नव्हता. बोर्ड जुनाच.

अण्णा_६२: तिथेच घोडं अडलंय. ३०६० ला एनव्हिडिया ५५० वॅट सांगते. माझा बोर्ड असल्याच स्वस्त सप्लायने जळाला. आधी ६५० चा घ्या.

गवतीचहा: अण्णा, थांबा. कार्ड १७० वॅटचं, प्रोसेसर ६५ चा. बरा ४५० असेल तर निदान स्क्रीन तरी यायला हवी. "जुनाच" म्हणजे कोणता ते कळू द्या.

अण्णा_६२: जळल्यावर कळून काय उपयोग? सप्लायमध्ये काटकसर करू नये.

देवगड_हापूस: एडिटिंग करता तर एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घ्या. मी लावल्यापासून टाइमलाइन अजिबात अडकत नाही.

शटरबंद: एसएसडी आहे हो. बोर्ड बी४५०, २०१८ मध्ये रायझन ३ २२००जी प्रोसेसरसोबत घेतलेला. बोर्डावर 'सीपीयू' लिहिलंय तिथला लाल दिवा विझत नाही. त्याचा काही संबंध आहे का?

गवतीचहा: हेच आधी हवं होतं! ५६०० आला एप्रिल २०२२ मध्ये, २०१८ च्या बायोसला (पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) तो ओळखूच येत नाही. २२००जी परत बसवा, बायोस अपडेट करा, मग ५६०० लावा.

शटरबंद: २२००जी परवाच विकला. त्या पैशांत भर घालून कार्ड घेतलं.

मधली_बर्थ: बोर्डाच्या मागे यूएसबी पोर्टांजवळ बायोस फ्लॅशचं छोटं बटण आहे का बघा. असेल तर प्रोसेसरशिवाय पेनड्राइव्हवरून अपडेट होतं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलचं नाव पुस्तिकेत दिलंय तेच द्या. मध्येच लाइट गेली तर बोर्ड कामातून जाईल, यूपीएस लावाच.

अण्णा_६२: एवढ्या खटपटीपेक्षा सरळ एएम५ वर, म्हणजे रायझनच्या नव्या सॉकेटवर, जायचं होतं.

मधली_बर्थ: म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम सगळंच नवं. त्यांना शुक्रवारी व्हिडिओ द्यायचाय, अण्णा.

कोरा_कॅनव्हास: माझा एच६१ बोर्ड आहे, त्यात ५६०० बसेल का?

गवतीचहा: नाही, तो इंटेल प्रोसेसरसाठीचा, रायझन एएमडीचा. वेगळा धागा काढा.

शटरबंद: बटण नव्हतं. ज्याला २२००जी विकला त्यालाच फोन केला, बिचारा स्वतः घेऊन आला. बायोस अपडेट झालं, ५६०० लावला, स्क्रीन आली! गवतीचहा, मनापासून आभार. पण रेंडर लावलं की दहा मिनिटांत पीसी बंद पडतोय, आत्ता दुसऱ्यांदा झालं. अण्णा, ६५० चा कोणता घेऊ?