गुडघा का दुखत होता? तुमचं निदान काय निघालं?

आई ५८ वर्षांची. तीन वर्षं जो तो सांगतोय, "वंगण संपलं." आधी आडवं झोपवून एक्स-रे काढला होता, त्यात हाडांमधली फट बरी दिसली. गेल्या महिन्यात उभं करून काढला, तेव्हा आतल्या बाजूची झीज कळली. तोवर डिंकाचे लाडू खाऊन वजन मात्र चार किलो वाढलं! तुमचे अनुभव लिहा. तेल-लेप नकोत, कृपया.

गडवेडी: सिंहगड चढताना काही नाही, उतरताना वाटीमागे कळ. सिनेमा बघून उठतानाही तेच. मांडीचा पुढचा स्नायू कमजोर निघाला. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा अंक मोजायचे, हे दोन महिने केलं. कंटाळवाणं आहे, पण उतरते आता.

चढाईबहाद्दर: कबड्डीत पाय रोवलेला, अंग फिरलं. सूज दुसऱ्या दिवशी. मालीश करून 'बसवून' घेतला, हा माझाच मूर्खपणा. पुढे गुडघा मध्येच अडकायला लागला. आतली गादी फाटली होती.

निशाचर: रात्री दोनला गुडघा लालभडक, चादर लागली तरी ओरडायचो. सुईनं पाणी काढून तपासलं, त्यात युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड त्या दिवशी नॉर्मल होतं, बरं का.

चिंगी: आमच्या कामाच्या मावशींच्या वाटीवर लिंबाएवढी सूज. गुडघे टेकून फरशी पुसून. लांब दांड्याचं पोछा आणलं, उतरली. आधीच आणायला हवं होतं.

सांजवात: माझा मुलगा बारा वर्षांचा, अंगानं जरा भरलेला. तीन आठवडे लंगडत होता. "वाढीचं दुखणं" म्हणून आम्हीही ऐकून घेतलं. गुडघ्याचे दोन एक्स-रे स्वच्छ. तिसऱ्या डॉक्टरांनी गुडघ्याला हातच लावला नाही. त्याला उताणं झोपवून मांडी पोटाकडे वाकवली, तर पाय आपोआप बाहेर वळला. म्हणाले, खुब्याचा फोटो काढा. मांडीच्या हाडाचा गोळा वाढीच्या रेषेवरून सरकला होता. दुखणं खुब्यात, कळ गुडघ्यात! पायावर भार द्यायला तिथंच मनाई, व्हीलचेअरवरून दाखल केलं, दुसऱ्या दिवशी स्क्रू.

धागाकर्ती: बापरे. आता कसा आहे?

सांजवात: सायकल चालवतो. पळायला अजून नाही म्हणालेत, म्हणून रोज भांडतो.