टीव्हीवरची शर्यत बघताना विश्वासाबद्दल काय सुचलं? (अनुभव धागा)

सुरुवात मीच करतो, आणि लाज वाटेल असाच अनुभव सांगतो. 8 ऑगस्ट 2024, पॅरिसची भालाफेक, मध्यरात्र झाली तरी आम्ही बेळगाव कॅम्पातले चौघं टीव्हीपुढे. पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं 92.97 मीटर टाकला आणि मी मनात चक्क प्रार्थना करू लागलो, प्रभू, याचे पुढचे सगळे फाउल होऊ देत. झालं काय, तर आपल्या नीरज चोप्राचेच सहापैकी पाच फाउल, एकच 89.45 धरला गेला. नंतर नीरजची आई म्हणाली की अर्शदही आपलाच मुलगा. मी संडेस्कूलला 'शेजाऱ्यावर प्रीती कर' शिकवतो. आमच्याकडं तर शेजारी कोण हा वाद दुकानाची पाटी मराठी की कन्नड इथपासूनच सुरू होतो.
तुमचंही लिहा.

खानापूरहून
2021 मध्ये शिलाईचं दुकान बंद झालं, कर्ज अंगावर. त्यात टोकियो ऑलिंपिकला नेदरलंडची धावपटू सिफान हसन 1500 मीटरच्या हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) शेवटच्या लॅपला पडली, उठली, सगळ्यांना मागं टाकून पहिली आली आणि त्याच दिवशी संध्याकाळी 5000 चं गोल्डपण घेतलं. बायबलातल्या नीतिसूत्रात आहे ना, नीतिमान सात वेळा पडला तरी पुन्हा उठतो, ते मला त्या दिवशी खरं वाटलं. जाऊबाई म्हणाल्या ती तर मुस्लिम आहे, म्हटलं असू दे की. मी काय उठून पहिली आले नाही बरं का, हप्ते अजून चालूच आहेत.

निपाणी, रिटायर्ड पीटी मास्तर
मी रिले शिकवली 28 वर्षं. 4 बाय 100 ला बॅटन बदलायचा झोन 30 मीटरचा, त्याच्या आत बॅटन हातात गेली नाही की पळणं कितीही जोरात असू दे, बाद. पॅरिसला अमेरिकेची पुरुष टीम फायनलमध्ये अशीच बाद झाली. ते बघून मला माझा पोरगा आठवला. घरात वचन वाचायचं, एकत्र प्रार्थना करायची, हे सगळं उद्या करू म्हणत राहिलो, शाळेच्या मॅचेस होत्या ना. आता तो बेंगळुरूला असतो, फोनवर म्हणतो चर्चला बघतो कधीतरी. बॅटन माझ्याच हातात राहिली. त्याची चूक नाही हो.

टिळकवाडीतून, थोडं उलटं
बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना शर्यतीची उपमा देतो कारण जवळच इस्थमियाचे खेळ भरायचे, लोकांना ते माहीत होतं. तो कोमेजणारा मुकुट आणि न कोमेजणारा मुकुट एवढंच सांगतो. आपण मात्र कुणाचा स्नायू फाटला की लगेच त्यात धडा शोधतो, त्या माणसाला दुखत असतं याचं काय?

चिकोडीहून
वरचं पटलं, तरी लिहितो. मुलीची जिल्हा पातळीची 400 मीटर रविवारी सकाळी आली. मी तिला स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलची गोष्ट सांगितली, 1924 पॅरिस, रविवारी हीट होती म्हणून 100 मीटर सोडली, मग 400 मध्ये 47.6 सेकंदांत गोल्ड, पुढं मिशनरी होऊन चीनला गेला आणि तिथंच नजरकैदेच्या कॅम्पात वारला. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "पप्पा, त्यानं स्वतः ठरवलं होतं की त्याच्या वडिलांनी?"
पहाटे पाचला गाडी काढली. हीटमध्ये पाचवी आली. संध्याकाळच्या उपासनेला दोघंही गेलो, ती पाळकसाहेबांच्या उपदेशात झोपली, मी उठवलं नाही.